प्रार्थनेलाही मात्रा असते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

व्यसनमुक्तीबद्दल छापून येते तेव्हा प्रार्थनेच्या वाट्याला दोनच भूमिका येतात. एक चमत्काराची: इतकी वर्षे पीत होता, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, त्या दिवसापासून थेंब नाही. दुसरी अंधश्रद्धेची: उपचार सोडून लोक प्रार्थनेच्या नादी लागतात. दोन्ही बातम्या खऱ्या असू शकतात. पण दिवसाला दिवस जोडत व्यसनातून बाहेर पडणाऱ्याला दोन्हींचा काडीचा उपयोग नाही. त्याचे प्रश्न साधे असतात: कोणती प्रार्थना, केव्हा, किती वेळ, मोठ्याने की मनात, आणि ती अंगावर कधी उलटते? ख्रिस्ती परंपरेत याची उत्तरे आहेत, काही तर सोळाशे वर्षांपूर्वीची. ती चर्चमध्येही क्वचितच कुणी सांगते, म्हणून हे लांबलेले पत्र.

सुरुवात पहिल्या आठवड्यापासून करतो, कारण जिवावर बेतणाऱ्या चुका तिथे होतात. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम थांबवली की सहा-बारा तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, छाती धडधडते, झोप उडते. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत मोठा. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना डिलिरियम होते: दिवस-रात्रीचे भान सुटते, ताप चढतो, भिंतीवर किडे चालताना दिसतात, समोर नसलेल्यांशी बोलणे सुरू होते. यात माणूस दगावू शकतो. आणि नेमके हेच पाहून ‘भूत लागलंय’ म्हणत त्याला खोलीत बसवून भोवती रात्रभर प्रार्थना चालते. सैतान तिसऱ्या दिवसाचा मुहूर्त धरून येत नाही, डिलिरियम येते. अशा वेळी रुग्णालय, डॉक्टरांच्या देखरेखीखाली बेन्झोडायझेपिन गटातली औषधे आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. तेही ग्लुकोज लावण्याआधी, कारण अंगात बी-१ नसताना नुसते ग्लुकोज गेले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. उपवास-प्रार्थना या काळात नको म्हणतात त्याचे कारणही हेच. वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ आधीच खालावलेले असते, त्यात आणखी उपाशी ठेवणे म्हणजे आगीत तेल. शिवाय रिकाम्या पोटी तलफ जोरात येते, हे कुठलाही पिणारा सांगेल.

हेरॉइन आणि तत्सम अफूवर्गीय पदार्थांची गोष्ट वेगळी. तिथे मोठा धोका थांबवल्यानंतरचा. पंधरा दिवस शिबिरात राहून बाहेर आलेल्याच्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि पूर्वीची नेहमीची मात्रा आता श्वास बंद पाडू शकते. बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन हा धोका कमी करतात. ‘एक व्यसन सोडून दुसरं धरलं’ असे म्हणून ही औषधे बंद करायला लावणारे प्रार्थनागट आहेत. जिथे गोळी फेकून देणे ही विश्वासाची खूण समजली जाते, तिथून उठून यावे. दारूसाठीच्या नाल्ट्रेक्सोन, अकाम्प्रोसेट यांनाही हेच लागू. औषध सुरू, बंद, कमी-जास्त करायचे ते डॉक्टरांनी. पाळकांनी नाही, प्रार्थनागटाच्या पुढाऱ्याने नाही आणि ‘मला आतून आवाज आला’ म्हणून रुग्णानेही नाही.

मग त्या आठवड्यात प्रार्थना कशी? रुग्णाने करायचीच नाही. शेजारी बसलेल्याने करायची. या दिवसांत लक्ष टिकत नाही, वाचलेली ओळ पुढच्या ओळीपर्यंत डोक्यात राहत नाही. तेव्हा त्याच्या हातात पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, देऊन ‘वाच’ म्हणणे ही शिक्षाच. बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या स्तोत्र २३ ला सहा वचने आहेत, सावकाश म्हणायला दोन मिनिटेही लागत नाहीत. तेच स्तोत्र, त्याच आवाजात, दिवसातून तीन-चारदा. नवे काही शोधू नये. त्याच्याकडून ‘आमेन’चीही अपेक्षा नको.

आता तलफ. प्रार्थनेचे खरे काम इथून सुरू होते.

तलफ लाटेसारखी येते. चढते, शिखर गाठते, उतरते. तिला खाऊपिऊ घातले नाही तर बहुधा पंधरा ते तीस मिनिटांत ओसरते, भले पुन्हा येवो. मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी लाटेशी झुंजण्याऐवजी तिच्यावर तरंगत राहण्याची रीत शिकवली. वाळवंटातल्या ख्रिस्ती तपस्व्यांनी तेच काम एका ओळीवर सोपवले होते. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन कॅशियन या मठवासी लेखकाने आपल्या दहाव्या संवादात सांगितलेली ओळ स्तोत्र ७० च्या आरंभीची आहे: हे देवा, माझ्या साहाय्यास ये, हे प्रभू, मला मदत करण्यास त्वरा कर. भूक, झोप, राग, वासना, गर्व, काहीही अंगावर आले तरी हीच ओळ, असे त्यांचे म्हणणे. मजकूर बदलायचा नाही. ज्या क्षणी डोके चालत नाही त्या क्षणी निवड करायला लागू नये, यासाठीच ती ओळ एक आहे. पूर्वेकडच्या चर्चमध्ये पुढे येशूची प्रार्थना रुळली: प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर. दोन्हींपैकी कुठलीही घ्या, पण तलफ नसताना निवडा आणि पाठ करा. एक सूचना. लहानपणापासून ‘तू पापी, तू नालायक’ हेच ऐकत आलेल्यांना ‘पापी’ हा शब्द तलफेच्या वेळी टोचतो आणि पिण्याचे आणखी एक कारण देतो. त्यांनी कॅशियनची ओळ घ्यावी.

करायचे असे. आधी जागा सोडा. बाटलीसमोर, गुत्त्याच्या दाराशी, पुड्या पुरवणाऱ्याचा नंबर उघडून केलेली प्रार्थना ही बहुतेक वेळा वाटाघाट असते. पाय हलले की मग ओठ. चार मोजेपर्यंत श्वास आत, त्यावर ओळीचा पहिला भाग मनात. सहा मोजेपर्यंत श्वास बाहेर, त्यावर दुसरा भाग स्वतःला ऐकू येईल इतक्या आवाजात. सोडायचा श्वास घ्यायच्या श्वासापेक्षा लांब, कारण त्यानेच छातीची धडधड उतरते. म्हणजे एका ओळीला दहा सेकंद, मिनिटाला सहा. ऑर्थोडॉक्स परंपरेत लोकरीच्या दोऱ्याला गाठी मारून केलेली प्रार्थनेची दोरी असते, त्यात शंभर गाठींची सर्रास आढळते. शंभर गाठी गुणिले दहा सेकंद, म्हणजे जवळपास सतरा मिनिटे. एक फेरी होईस्तोवर लाटेचे शिखर बहुतेकदा मागे पडलेले असते. गाठीचा आणखी एक फायदा असा की थरथरत्या बोटांना धरायला काही मिळते आणि ‘अजून किती वेळ’ या प्रश्नाला बोटांखालीच उत्तर असते. दोरी नसेल तर बोटांची पेरे मोजा. अंगठा सोडून एका हाताची बारा पेरे, आठ फेऱ्या आणि वर चार.

चुकते कुठे? पहिली चूक घाईची. घाबरून भराभर म्हटले की श्वासही भराभर चालतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि वाटते, प्रार्थनेनेच त्रास वाढला. वाढला तो जलद श्वासाने. थांबावे, सोडायचा श्वास लांबवावा, मग पुढे जावे. दुसरी चूक मागण्यात आहे. ‘देवा, ही तलफ काढून घे’ अशी मागणी केली की माणूस दर अर्ध्या मिनिटाला आत डोकावून पाहतो: गेली का? आणि पाहिले की ती असतेच. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले आणि अस्वल काही त्यांच्या डोक्यातून हलेना, तसेच हे. त्याऐवजी मागायचे ते इतकेच: ही वीस मिनिटे माझ्यासोबत राहा. तलफ गेली नाही तरी ही मागणी पुरी होऊ शकते. पहिली मागणी मात्र फसली की देवावरचा विश्वास आणि संयम दोन्ही एकदम ढासळतात. तिसरी चूक म्हणजे फेरी संपल्यावर फोन न करणे. दोरी ही माणसाच्या सोबतीची जागा घेत नाही. शंभराव्या गाठीनंतर स्पॉन्सरला (व्यसनमुक्ती गटातला आधी सावरलेला, आपल्याला हात देणारा सदस्य), समुपदेशकाला, विश्वासातल्या एका माणसाला सांगायचे: ‘आत्ता आली होती, इतका वेळ होती.’ बस.

तलफेबरोबर विचारही येतात आणि ते फार हुशार असतात. चौथ्या शतकातले वाळवंटातले तपस्वी इव्हाग्रियस पोंतिकस (मृत्यू ३९९) यांनी माणसाला पाडणाऱ्या विचारांचे आठ गट पाडले आणि त्यांना द्यायच्या प्रत्युत्तरांचा एक संग्रहच केला. असा विचार आला तर शास्त्रातले हे वचन त्याच्या तोंडावर मारायचे, अशा सुमारे पाचशे नोंदी. व्यसनी माणसाला पाचशे नकोत, पाच-सहा पुरेत. पोस्टकार्डाएवढ्या कागदाच्या एका बाजूला आपली पळवाट आपल्याच शब्दांत लिहायची, सभ्य करून नाही. ‘आज एकच.’ ‘एवढं केलं, कुणाला कदर आहे?’ ‘उद्यापासून नक्की.’ मागच्या बाजूला उत्तर. ‘उद्यापासून’ला येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतले ‘आज’ हे उत्तर आहे: आमची रोजची भाकर आज आम्हांस दे. ‘माझा आता विश्वासच उरला नाही’ याला मार्कच्या शुभवर्तमानातल्या (९:२४) आजारी मुलाच्या बापाचे ओरडणे: मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालवून टाक. ‘एवढं झाल्यावर देव माझं काय ऐकणार?’ याला ‘तुझ्याजवळ क्षमा आहे’ म्हणणारे स्तोत्र १३०. कार्ड खिशात हवे. मोबाइलमध्ये लिहिले तर ते शोधता शोधता दुसरेच काही उघडते.

इव्हाग्रियस यांनी ज्याला दुपारचा सैतान म्हटले, तो औदासीन्याचा विचारही ओळखून ठेवण्यासारखा. सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, दिवस पन्नास तासांचा होतो, तपस्वी पुन्हा पुन्हा खिडकीकडे पाहतो, ही जागा नको, हे काम नको, कुणी आपले नाही. दारू सोडलेल्याला ही वेळ बहुधा संध्याकाळी येते, पूर्वी बसायची वेळ. म्हणून दिवसातली ठरलेली प्रार्थना त्या वेळेच्या अर्धा तास आधी असावी. आठची बैठक असायची, तर साडेसातला. आठ वाजता आठवण झाली की उशीर झालेला असतो.

रात्रीसाठी जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांचे आत्मपरीक्षण. सोळाव्या शतकातल्या या माणसाची शिस्त हिशेबनिसाची होती. १५४८ मध्ये पोपच्या मान्यतेने छापल्या गेलेल्या त्यांच्या ‘आध्यात्मिक साधने’त ‘विशेष परीक्षण’ आहे. त्यात एकच दोष धरायचा. सकाळी उठताच त्या एका गोष्टीपुरता निश्चय. दुपारच्या जेवणानंतर तास-तास आठवून, जितक्यांदा घसरलो तितके ठिपके पहिल्या रेघेवर. रात्रीच्या जेवणानंतर दुसऱ्या रेघेवर. दर दिवसाला रेघांची एक जोडी, सात दिवसांच्या सात. पहिली जोडी मोठी आणि पुढच्या लहान होत जाणाऱ्या, कारण ठिपके कमी होत जावेत ही अपेक्षा. दिवसभरात घसरताक्षणी हात छातीवर ठेवायचा, चारचौघांतही कुणाच्या लक्षात येणार नाही असा. मग दुपार-रात्र, काल-आज, हा आठवडा-मागचा आठवडा अशी तुलना.

व्यसनात ही वही वापरताना एक बदल करावा. ठिपका प्यालेल्या पेल्याचा देऊ नये, तो देऊन उपयोग काय? ठिपका द्यावा तलफेला, आणि वेगळी खूण खोटे बोलण्याला: उशीर का झाला, पैसे कुठे गेले, कोण भेटले. पुन्हा पिण्याच्या आधी बरेच दिवस खोटे सुरू झालेले असते. ठिपक्याशेजारी वेळ आणि चारांपैकी एक अक्षर: भू, रा, ए, थ. भुकेला, रागावलेला, एकटा, थकलेला. दोन आठवड्यांत पानावर नक्षी दिसू लागते. एखाद्याचे सगळे ठिपके पगाराच्या दिवसाभोवती, एखाद्याचे घरच्या फोननंतर. पानावर काय दिसते ते पाहून प्रार्थना ठरते: पगाराच्या दिवशी पैसे कुणाच्या हाती द्यायचे, हेच मग प्रार्थनेचे उत्तर असते.

या परीक्षणाचा क्रम मोडू नये. आधी आभार, मग प्रकाशाची मागणी, मग दिवसाची उजळणी, मग पश्चात्ताप, शेवटी उद्याचा एक निश्चय. सगळे मिळून दहा मिनिटे, घड्याळ लावून, खुर्चीत बसून, अंथरुणात नाही. आभार आधी का? कारण नुकताच सावरणारा माणूस थेट उजळणीला बसला की स्वतःच फिर्यादी, स्वतःच न्यायाधीश आणि स्वतःच जल्लाद होतो. तीन लहान, खऱ्या गोष्टींचे आभार: अंघोळ केली, दुपारी जेवलो, मुलीने हाक मारली. दहा मिनिटांची मर्यादाही याचसाठी. खुद्द इग्नेशियस मान्रेसा इथे पापांची उजळणी करता करता इतके पोखरले गेले की जीव देण्याचा विचार मनात येऊ लागला होता. ज्यांना नैराश्य आहे किंवा एकच विचार पुन्हा पुन्हा घोळवण्याचा आजार आहे, त्यांनी परीक्षण एकट्याने करूच नये. समुपदेशकासमोर आठवड्यातून एकदा पुरे.

इग्नेशियस यांच्या नियमांपैकी दोन व्यसनमुक्ती केंद्रांच्या भिंतीवर लावण्याजोगे आहेत. एक: मन कोरडे, निराश असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. उपचार सोडणे, व्यसनमुक्ती गटाच्या मीटिंगला जाणे बंद करणे, घर सोडून जाणे हे सगळे निर्णय लोक नेमके अशाच संध्याकाळी घेतात. दुसरा: शत्रू चोरट्या प्रियकरासारखा असतो, गोष्ट गुप्त राहावी एवढीच त्याची धडपड. कुणा जाणत्यापुढे ती बोलून टाकली की त्याचा डाव फसतो. ‘एकमेकांजवळ आपली पापे कबूल करा’ असे याकोबाच्या पत्रातही (५:१६) आहे.

दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेचा कार्यक्रम म्हणजे बारा पायऱ्या. त्यांत हे सारे ओळखीचे वाटते, आणि त्यात योगायोग थोडाच. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात तिचे संस्थापक बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ भेटले, तेव्हा दोघेही ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या संपर्कात होते. सकाळी शांत बसून मनात येईल ते वहीत उतरवणे, चुका दुसऱ्यापुढे मांडणे, भरपाई करणे हे तिथूनच आले. इग्नेशियस मात्र विल्सनना ठाऊक नव्हते. १९४० मध्ये एड डाऊलिंग नावाचे जेझुइट धर्मगुरू त्यांना भेटायला आले, ते हे साम्य पाहूनच. अकरावी पायरी प्रार्थना आणि ध्यानाची आहे, आणि तिच्यात मागणी एकच: देवाची इच्छा कळावी आणि ती पुरी करण्याचे बळ मिळावे. नोकरी, बायको, प्रतिष्ठा परत मिळावी, असे त्यात नाही.

‘याला पुरावा काय?’ असे विचारणाऱ्यांसाठी: वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ व्यक्ती होत्या. बारा पायऱ्यांकडे पद्धतशीरपणे नेणाऱ्या उपचारांनी सलग मद्यमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांच्या तुलनेत सरस निकाल दिले. पण तिथे तपासला गेला तो अख्खा कार्यक्रम: मीटिंग, स्पॉन्सर, सोबत, पायऱ्या. एकट्या प्रार्थनेचा तो पुरावा नव्हे. व्यासपीठावरून तसे सांगणाऱ्याने थोडे जपून बोलावे.

शांत ध्यानाबद्दल थोडक्यात, कारण याचे स्तोम हल्ली फार. सेंटरिंग प्रेयर ही पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या स्पेन्सर इथल्या ट्रॅपिस्ट या मौनप्रिय कॅथलिक संघाच्या मठात थॉमस कीटिंग आणि सहकाऱ्यांनी बसवली: एक पवित्र शब्द, डोळे मिटून वीस मिनिटे, दिवसातून दोनदा. विचार आला की अलगद शब्दाकडे परतायचे. पद्धत चांगली, पण पहिल्या महिन्यात वीस मिनिटे म्हणजे नवख्याला खोल पाण्यात ढकलणे. बधिर केलेले सगळे शांततेत वर येते: मार, अपमान, गेलेली माणसे. ज्यांच्यावर लहानपणी अत्याचार झाले त्यांना डोळे मिटणेच भीतीचे असते. तेव्हा तीन मिनिटांपासून सुरुवात, डोळे उघडे, नजर एखाद्या मेणबत्तीवर किंवा क्रुसावर, तळपाय जमिनीला टेकलेले. आठवड्याला एक-दोन मिनिटे वाढवावीत. अंगाला घाम फुटला, आपण आपल्याबाहेर असल्यासारखे वाटले, तर उठावे, थंड पाण्याने तोंड धुवावे, मोठ्याने स्तोत्र म्हणावे. भास होत असतील किंवा पूर्वी झाले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मौनध्यान नको. ते सोडल्याने माणूस कमी ख्रिस्ती ठरत नाही.

बहुतेकांना त्यापेक्षा मानवते ते वचन चघळणे. बाराव्या शतकातल्या ग्वीगो या मठवासीयाने त्याला चार पायऱ्यांची शिडी म्हटले: वाचन, मनन, प्रार्थना, आणि मग नुसते असणे. उतारा सहा-आठ वचनांचा, आठवडाभर तोच. स्तोत्र १३० आठ वचनांचेच आहे, आणि त्यातला पहाटेची वाट पाहणारा पहारेकरी रात्री तीनला जागा असलेल्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. स्तोत्र ८८ अंधारातच संपते. शेवटी दिलासा नाही म्हणून ते टाळू नये, काही दिवस तसेच असतात. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायातले ते घर: अशुद्ध आत्मा निघून गेला, घर झाडून-सजवून ठेवले, पण रिकामे. तो सात सोबती घेऊन परतला. दारू गेली, पण संध्याकाळचे तीन तास तसेच रिकामे, यापेक्षा वेगळे काय सांगायचे असते?

आता आपल्या मंडळ्यांना, म्हणजे चर्चमधल्या समुदायांना, चार शब्द ऐकवायचे आहेत. तीस दिवस झालेल्याला साक्ष द्यायला, म्हणजे सभेत आपल्या सुटकेची गोष्ट सांगायला, उभे करू नका. टाळ्या पडतात, तो सगळ्यांचा आदर्श होतो, आणि मग घसरला तर सांगायला तोंड उरत नाही. निदान वर्ष जाऊ द्या. आजन्म न पिण्याची शपथ घालू नका. शपथ मोडली की ‘सगळं संपलंच आहे तर पिऊनच घेऊ’ हा विचार जोर धरतो, आणि एका पेल्याची आठवडाभर दारू होते. शपथ घालायचीच तर चोवीस तासांची घाला. प्रार्थनेच्या यादीत नाव-आजार जाहीर वाचू नका, ती प्रार्थना नव्हे, बातमी असते. घरच्यांनाही सांगणे: त्याच्यादेखत ‘प्रभू, याला बुद्धी दे’ असे मोठ्याने म्हणणे हा प्रार्थनेच्या आडून मारलेला टोमणा आहे, आणि तो त्याला बरोबर कळतो.

प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेत येशूच्या स्मरणार्थ भाकरीसोबत घ्यायचा द्राक्षारस हा तर विसरलेला विषय. ज्याला डायसल्फिराम (दारू घेतली की त्रास व्हावा म्हणून दिली जाणारी गोळी) चालू आहे त्याला एका घोटानेही चेहरा लाल होणे, उलट्या, धडधड होऊ शकते, आणि गोळी थांबवल्यावर चौदा दिवसांपर्यंत हा धोका राहतो. गोळी नसली तरी त्या चवीने काहींची तलफ जागी होते. कॅथलिक शिकवणुकीप्रमाणे नुसती भाकर घेतली तरी सहभाग पूर्ण होतो, आणि बिशपांच्या परवानगीने मुस्तुम, म्हणजे मद्यार्क जवळपास नसलेला द्राक्षरस, वापरता येतो. मेथडिस्ट आणि इतर अनेक मंडळ्यांत न आंबवलेला रस चालतोच. १८६९ मध्ये टॉमस वेल्च या दंतवैद्याने द्राक्षरस आंबू न देण्याची रीत काढली ती प्रभुभोजनासाठीच. दोन्ही प्याले ठेवा आणि कुठल्यात काय ते आधी सांगा, म्हणजे कुणाला वेदीसमोर कुजबुजत विचारावे लागणार नाही.

घसरलेल्याने प्रार्थना कधी करायची? तिसऱ्या क्रमांकाला. आधी जीव: किती घेतले, काय मिसळले, श्वास-शुद्ध ठीक आहे का, डॉक्टर हवा का. मग त्याच दिवशी एका माणसाला सांगणे. मग पश्चात्तापाचे स्तोत्र ५१, बसून, एकदा. लाजेपोटी हा क्रम उलटा होतो. माणूस आधी एकटाच रात्रभर रडत प्रार्थना करतो, सकाळी हलके वाटते, आणि कुणाला सांगायचे राहून जाते.

आणखी एक. मदतीच्या बदल्यात धर्म बदलण्याची अट कुणी घालत असेल, उघड किंवा आडून, तर तो माणसाच्या लाचारीचा फायदा आहे. बारा पायऱ्यांत ‘आम्हाला जसा उमगला तसा देव’ असे म्हटले आहे ते उगाच नाही. ख्रिस्ती प्रार्थना ज्याला आपली वाटते त्याच्यासाठी ती आहे.

संपादक महोदय, आपणास विनंती एवढीच. ‘प्रार्थनेने व्यसनमुक्त’ अशी बातमी यापुढे आली तर आपल्या वार्ताहराने तीन गोष्टी विचारून छापाव्यात: शेवटचे सेवन होऊन किती दिवस झाले, पहिल्या आठवड्यात डॉक्टर होते का, आणि आज संध्याकाळी तलफ आली तर तो कुणाला फोन करणार आहे.

आपला,
व्यसनमुक्तीच्या कामातील एक ख्रिस्ती वाचक